नाशिकच्या ब्रटमध्ये एवढा दम कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत, घरी चाळीसेक माणसांचा कार्यक्रम आहे. चुलत भावाने दिंडोरीहून आणलेली एक ब्रट, म्हणजे जवळपास गोडवा नसलेली बुडबुड्यांची (स्पार्कलिंग) वाइन, सहज म्हणून उघडली. फ्रान्समध्ये बरीच वर्षं राहून आलेल्या काकांना लेबल न दाखवता ग्लास दिला, तर ते म्हणाले, "ही तिकडचीच." नाशिकची आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना, कारण इथली लाल वाइन त्यांना कधीच रुचली नव्हती. तेव्हा विचारणं असं की ही एकच बाटली नशिबाने चांगली निघाली, की नाशिकला खरोखर चांगली स्पार्कलिंग वाइन होते? आणि कार्यक्रमासाठी घ्यायची तर ओळखायची कशी, द्यायची कशाबरोबर?

नाशिक जिल्ह्यात वाइन बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देतो. नशिबाचा यात काही संबंध नाही. माझं मत तर असं आहे की नाशिकच्या जमिनीला आणि हवेला सगळ्यात जास्त मानवणारा वाइनचा प्रकार स्पार्कलिंगच आहे. लाल वाइन करताना आपण इथल्या हवामानाशी झगडतो. स्पार्कलिंग करताना तेच हवामान आपल्या बाजूने उभं राहतं. काकांना लाल आवडली नाही आणि ब्रट आवडली, या दोन्हींचं कारण एकच आहे.

ते कारण द्राक्ष कधी तोडायचं यात आहे. लाल वाइनसाठी द्राक्ष पूर्ण पिकावं लागतं. साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) जायला हवी, शिवाय साल आणि बी सुद्धा पक्व व्हायला हवं, नाहीतर वाइन तुरट आणि हिरवट लागते. आपल्याकडे फेब्रुवारी उलटला की ऊन झपाट्याने वाढतं. साखर पळत सुटते, आम्ल कोसळतं आणि सालीतले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, मात्र पिकण्यात मागे राहतात. थांबलं तर वाइन बोजड होते, लवकर तोडलं तर कच्ची लागते. यातून मार्ग काढणारे चांगले लोक इथे आहेत, पण हा झगडा दरवर्षी नव्याने करावा लागतो.

स्पार्कलिंगला मात्र पूर्ण पिकलेलं द्राक्ष नकोच असतं. तिला सतरा ते एकोणीस ब्रिक्सचा, भरपूर आम्ल असलेला, जरासा अपुरा पिकलेला माल लागतो. आधी त्याची दहा-अकरा टक्के अल्कोहोलची साधी, आंबट बेस वाइन होते. मग बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना अल्कोहोल टक्काभर आणखी चढतं. म्हणजे आम्हाला हवा असतो तो माल जानेवारीत तयार होतो, ऊन तापायच्या आधी.

आता जानेवारीतलं नाशिक डोळ्यांसमोर आणा. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची. दुपारी पारा अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर, पहाटे दहाच्या आसपास, आणि थंडीची लाट आली की त्याच्याही बराच खाली. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून निफाडचं नाव दर हिवाळ्यात पेपरात येतं, ते हेच दिवस. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात जाळते, आणि रात्र जितकी उबदार तितकं जास्त जळतं. रात्र गार असली की ते मण्यात टिकतं. दिवसा उन्हाने साखर भरते, रात्री थंडीने आम्ल राखलं जातं. विषुववृत्ताच्या उत्तरेला अवघ्या वीस अंशांवर असलेल्या मुलखात स्पार्कलिंग होते ती या गार रात्रींच्या बळावर. फ्रान्सचा शॅम्पेन भाग एकोणपन्नास अंशांवर आहे. तिथे आम्ल मुळातच भरपूर असतं आणि काळजी असते ती द्राक्ष पुरेसं पिकेल की नाही याची.

आणखी एक गोष्ट इथे आहे, जी युरोपातल्या बागायतदाराच्या हातात नसते. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि तोडणीची तारीख हवामान ठरवतं. आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. तिथून साधारण चार महिन्यांत माल तोडणीला येतो. याचा अर्थ असा की तोडणी कोणत्या आठवड्यात यावी हे बरंचसं कात्रीच ठरवते. मधल्या सप्टेंबरात छाटलं तर माल मकर संक्रांतीच्या आगेमागे, ऐन थंडीत येतो.

हे कागदावर सोपं दिसतं, बागेत नाही. सप्टेंबरात छाटणी म्हणजे कोवळी फूट परतीच्या पावसात सापडणार. ढगाळ हवा, ओली पानं, डाऊनी या बुरशीसारख्या रोगाला याहून काय हवं? चार दिवस फवारणी चुकली तर घडच राहत नाही. म्हणून अनेक शेतकरी ऑक्टोबरवर ढकलतात आणि माल फेब्रुवारीत जातो. स्पार्कलिंगसाठी लवकर छाटा असं वाइनरी सांगते तेव्हा ती शेतकऱ्याला जादा जोखीम घ्यायला सांगत असते, आणि त्या जोखमीचा मोबदला भावात दिसायलाच हवा. ज्या वाइनरीने हे ओळखलं, तिचा शेतकरी वर्षानुवर्षं टिकला आणि तिची वाइनही सरळ राहिली. चांगल्या बाटलीच्या मुळाशी मला हा व्यवहार फ्रेंच सल्लागारापेक्षा मोठा वाटतो.

शिवाय नाशिकचा बागायतदार खाण्याच्या द्राक्षात मुरलेला. थॉम्पसनचा मणी फुगवायला जीएचं डिपिंग (घड जिबरेलिक आम्ल या संजीवकात बुडवणं), घड भरघोस, एकरी टनेज जास्त, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. वाइनच्या द्राक्षाला यातलं काहीच नको. मणी लहान, माल कमी, जमीन मुरमाड आणि हलकी, पाणी हात राखून. काळ्या कसदार जमिनीत वेल मस्तावते, पाल्यातच जोर जातो आणि रस पातळ होतो. वडिलांच्या हातच्या थॉम्पसनच्या बागेशेजारी मुलगा वाइनची बाग मुद्दाम अर्धपोटी ठेवतो, तेव्हा घरात वाद होतात. असे वाद मी ओट्यावर बसून ऐकले आहेत, आणि मुलाच्या बाजूने बोललोही आहे.

आता द्राक्ष कोणतं, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शॅम्पेनमध्ये प्रामुख्याने शार्दोने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए ही तीन. साहजिकच इथेही सुरुवातीला शार्दोनेची ओढ होती. पण नाशिकने ज्याला खरं जवळ केलं ते शेनिन ब्लाँ. हे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं द्राक्ष, तिथल्या वूव्रे आणि सोम्यूर गावांत त्याच्या बुडबुड्यांच्या वाइन पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत. शेनिनचा मोठा गुण म्हणजे उष्ण हवेतही तो आम्ल सहजी सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेने हे आपल्या आधी ओळखलं. स्टेलेनबॉशच्या सिमोनसिगने 1971 सालात तिथली बाटलीत आंबवलेली पहिली स्पार्कलिंग वाइन केली, काप्से व्होंकेल, आणि ती सुरुवातीला शेनिनचीच होती. तेव्हा शेनिनला दुय्यम मानून नाशिकच्या बाटलीत शार्दोनेचा अंश किती आहे हे शोधत बसू नका. इथल्या ब्रटचा कणा शेनिनच आहे आणि तो असावा. शेनिनचा दोष म्हणाल तर घड गच्च. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला की मणी आतून तडकतात, घडकूज लागते आणि दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, आज तोडायचं की बाग सोडून द्यायची.

तोडणीची वेळ कशी ठरवतात ते जरा जवळून सांगतो, कारण बाटलीतल्या चवीचा अर्धा भाग तिथे ठरतो. पहाटे उजाडायच्या सुमाराला बागेत जायचं. एकाच घडाचे मणी घ्यायचे नाहीत. ओळीच्या दोन्ही अंगांनी, उन्हाकडचे आणि सावलीतले, घडाच्या खांद्यावरचे आणि टोकाचे, असे चालत चालत पिशवीत गोळा करायचे. पिशवीतच चुरडून रसाचा थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा. साडेसतरा दिसले तर मन जागं होतं. पण आकड्यावर थांबायचं नाही, मणी तोंडात टाकायचा. साल अजून गराला घट्ट धरून आहे, बी अर्धं हिरवं आहे, जिभेच्या कडांना झिणझिण्या येतात, आणि त्या आंबटपणाच्या मागून हिरव्या सफरचंदाचा, किंचित पेरूचा वास येतो. हा वास येण्याआधी तोडलं तर वाइन नुसती आंबट पाणी होते. वास आल्यावर आठवडाभर थांबलात तर पेरू पिकून त्याचा जॅम होतो. मधे चार-पाच दिवस मिळतात. प्रयोगशाळेत रसाची आम्लता लिटरला आठ-नऊ ग्रॅम आणि पीएच 3.1 च्या आसपास आला की मी ट्रॅक्टर लावायला सांगतो.

माल छोट्या क्रेटमध्ये, ऊन चढायच्या आत वाइनरीत यायला हवा. स्पार्कलिंगसाठी द्राक्ष चुरडत नाहीत. देठासकट अख्खे घड प्रेसमध्ये जातात आणि अगदी हलका दाब देतात. जोर केला की सालीतला कडवटपणा आणि रंग उतरतो. शॅम्पेनमध्ये यावर कायदाच आहे. 4000 किलो द्राक्षातून 2550 लिटरच रस घेता येतो, आणि त्यातला पहिला 2050 लिटर उत्तम समजतात. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून जो वाइनमेकर शेवटचा रस वेगळा काढून दुसऱ्या वाइनला देतो, त्याचा प्रामाणिकपणा फक्त त्याच्या टाकीला ठाऊक असतो. तुम्हाला तो ग्लासातल्या शेवटच्या घोटात कळतो. वाइन गिळल्यावर घशाशी कडवट चोथा राहिला, तर प्रेस जास्त पिळला आहे असं समजा.

पुढची प्रक्रिया फ्रान्समध्ये आणि नाशिकमध्ये तंतोतंत एक आहे. बेस वाइनमध्ये लिटरला साधारण चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटल्या क्राऊन कॅपने, म्हणजे पत्र्याच्या झाकणाने, बंद करतात. चार ग्रॅम साखरेमागे एक वातावरण दाब तयार होतो, म्हणजे चोवीस ग्रॅमला सहा. वायूला बाहेर जायला वाट नाही, तो वाइनमध्ये विरघळतो. यीस्ट मरतं, तळाशी बसतं, आणि पुढच्या महिन्यांत त्याच्या पेशी हळूहळू फुटून वाइनला पावासारखा, भाजलेल्या बदामासारखा वास देतात. फेस बारीक आणि मऊ होतो तोही याच गाळामुळे. मग बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात, गाळ मानेत जमतो, मान उणे पंचवीस अंशांच्या द्रावणात बुडवून गाळाचा बर्फ करतात आणि कॅप उघडली की आतल्या दाबानेच तो बाहेर उडतो. रिकामी झालेली जागा वाइन आणि किंचित साखरेने भरतात, बूच, वर तारेची जाळी, झालं.

फरक पडतो तो गाळावर किती काळ ठेवलं यात. शॅम्पेनला किमान पंधरा महिने बाटलीत ठेवणं बंधनकारक आहे, विशिष्ट सालाची असेल तर तीन वर्षं. स्पेनच्या कावाला नऊ महिने. फ्रान्समध्ये हे काम चुनखडीच्या भुयारांत फुकटच्या बारा अंशांत होतं. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश असताना हजारो बाटल्या बारा-चौदा अंशांत ठेवायच्या म्हणजे वीजबिल, जनरेटर आणि महिनोन् महिने अडकलेलं भांडवल. त्यामुळे इथल्या बऱ्याच बाटल्या मला हवी त्याहून लवकर गाळावरून उतरतात. नाशिकच्या ब्रटला खोली थोडी कमी आणि ताजेपणा जास्त, असं जे जाणवतं त्याचं हे कारण आहे. काकांनी "तिकडचीच" म्हटलं ते पटतं. पण एखादी जुनी, नामांकित शॅम्पेन शेजारी ठेवली असती तर फरक त्यांना लगेच कळला असता. त्याच किमतीतली कावा किंवा इटलीची प्रोसेको ठेवली असती, तर नाशिकची बाटली ताठ मानेने उभी राहते, हे मी झाकून चाखलेल्या बाटल्यांच्या अनुभवावरून सांगतो. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. त्या काळात मुंबईत विकल्या गेलेल्या परदेशी बाटलीच्या किमतीचा मोठा भाग करातच गेला. नाशिकच्या बाटलीवर खर्च केलेला पैसा द्राक्षात आणि तळघरात जातो.

हे अचानक घडलेलं नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रातली बाटलीत आंबवलेली वाइन नाशिकच्या आधी नारायणगावला झाली. 1980 च्या दशकात श्याम चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या शॅम्पेनच्या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन जुन्नर तालुक्यात हा उद्योग उभारला. 'ओमर खय्याम' नावाने ती वाइन परदेशात विकली गेली, आणि भारतातून स्पार्कलिंग येते याचं तिकडे लोकांना नवल वाटलं. पुढे ती कंपनी बुडाली, पण त्या तळघरांत हात बसलेली माणसं आणि ही गोष्ट इथे होऊ शकते हा विश्वास मागे राहिला. मग 1990 च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला वाइनरी उभी केली. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ नाशिकला रुजले ते तेव्हापासून. राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण 2001 चं, त्यातून विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. 2013 मध्ये मोएत हेनेसी या शॅम्पेन बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने आपला शाँदोन ब्रँड भारतात आणला आणि त्यासाठी दिंडोरी निवडली. ही मंडळी अर्जेंटिनात 1959 मध्ये, कॅलिफोर्निया आणि ब्राझीलमध्ये 1973 मध्ये, ऑस्ट्रेलियात 1986 मध्ये गेली होती. नव्या मुलखात पाय टाकण्याआधी माती, पाणी, थंडी सगळं तपासण्याची त्यांची सवय जुनी आहे. त्यांनी दिंडोरी निवडली म्हणून दिंडोरी चांगली झाली असं नाही, पण ज्यांना इथल्या शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता, त्यांचा त्यानंतर बसला.

आता तुमच्या खरेदीकडे येतो. पहिलं बघायचं ते मागचं लेबल. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन असेल तर 'ट्रॅडिशनल मेथड' किंवा त्याच अर्थाचे फ्रेंच शब्द देवनागरीत नाही, रोमन अक्षरांत छापलेले असतात. वायू वरून भरलेला असेल तर कार्बोनेटेड किंवा कार्बन डायऑक्साइड घातल्याचा उल्लेख असतो. ती बाटली टाळा, मग तिच्यावर कितीही सोनेरी कागद असो. दुसरा शब्द 'ब्रट'. लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर, म्हणजे जवळपास कोरडी. 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव फसवं आहे, ती ब्रटहून गोड असते, बारा ते सतरा ग्रॅम. 'डेमी सेक' बत्तीस ते पन्नास, ती केकबरोबर ठीक.

सुलाची ब्रट, यॉर्कची स्पार्कलिंग क्युव्हे, शाँदोन ब्रट, झंपाची सोइरे, या नाशिक जिल्ह्यातल्या चार बाटल्यांपासून सुरुवात करा. यॉर्क 2021 पासून सुलाच्या ताब्यात आहे, पण बाटलीचा बाज वेगळा आहे. शाँदोनमध्ये शेनिनबरोबर शार्दोने आणि पिनो न्वार असल्याने ती जरा गोलसर, सगळ्यांना रुचेल अशी. ज्यांना धारदार, लिंबाच्या सालीसारखी चव हवी त्यांनी शेनिनवर उभी असलेली घ्यावी. माझी स्वतःची आवड ही दुसरी. रोझे, म्हणजे गुलाबी, हवी असेल तर इथे ती बहुधा शिराझ या काळ्या द्राक्षाची असते. मटण किंवा तिखट रश्शाशेजारी टिकणारी स्पार्कलिंग म्हणून मी तिचीच शिफारस करतो. अकलूजच्या बाजूला फ्रातेल्लीही चांगलं काम करते, पण तुमचा प्रश्न नाशिकचा आहे.

दुकान निवडताना ब्रँडपेक्षा जास्त डोळे उघडे ठेवा. एकदा बूच लागल्यावर अशी वाइन ठेवून सुधारत नाही. उष्णतेने मात्र ती झटक्यात मरते. पुण्याच्या एका दुकानात काचेच्या तावदानात, दुपारच्या उन्हात वर्षभर उभी राहिलेली बाटली मी उघडून पाहिली आहे. रंग पिवळट, वास शिळ्या सफरचंदाचा, बुडबुडे जेमतेम. त्यात वाइनरीचा काहीच दोष नव्हता. म्हणून एसी असलेलं, माल सतत खपणारं दुकान शोधा. लेबलवर छापलेला महिना-वर्ष बघा, ताजी बाटली मागा, शोकेसमधली घेऊ नका. वाइनरींना मात्र माझी विनंती आहे की गाळ काढल्याची तारीख आणि गाळावर किती महिने ठेवली हे मागच्या लेबलवर छापावं. ग्राहकाला खरी माहिती देणारी याहून उपयोगी ओळ दुसरी नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाटल्या सहा ते आठ अंशांवर गार हव्यात. फ्रीजमध्ये तीन-चार तास, किंवा बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घालून अर्धा तास. नुसत्या बर्फात ठेवल्या तर गार व्हायला वेळ लागतो, पाणी घाला. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका, फुटते. आत जवळजवळ सहा वातावरण दाब असतो, म्हणून बूच कुणाच्या तोंडाच्या दिशेने धरू नये. तार सैल केली की अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, आवाज हलकासाच यायला हवा. मोठा फटाका फुटला तर तेवढा वायू आणि वाइन वाया गेली. ग्लास निमुळते उंच नकोत, वास कोंडतो. साध्या व्हाइट वाइनचे ग्लास चालतील. ते साबणाने धुतले तर नीट, भरपूर पाण्याने विसळा. साबणाचा थर राहिला तर फेस बसतो, आणि मग वाइन चांगली असून पाहुणे तिला नावं ठेवतात.

खाण्याबाबत तुम्ही नशीबवान आहात, कारण मराठी घरातला तळणीचा मेन्यू आणि ब्रट यांचं फार जमतं. तेल आणि मीठ जिभेवर बसतं, आम्ल आणि बुडबुडे ते धुऊन काढतात, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कांदाभजी, तांदळाच्या पिठात घोळवलेले बोंबील, सगळं उत्तम. अळूवडीत चिंच-गूळ जास्त असेल तर ब्रट बारीक लागेल, गूळ हात राखून घाला. ओला नारळ आणि लिंबू पिळलेला कच्च्या पोह्यांचा चिवडा तर मी स्वतः करून ठेवतो. श्रीखंड, पुरणपोळी, जिलेबीबरोबर मात्र ब्रट देऊ नका. गोड खाल्ल्यावर ती नुसती आंबट लागते आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून टोस्ट जेवणाआधी, वड्या-भजी फिरत असताना करा. आई-वडिलांना सवय नसेल तर अर्धा ग्लास पुरे.

हिशोब असा. 750 मिलीच्या बाटलीत सव्वाशे मिलीचे सहा ग्लास होतात. चाळीस जणांना एकेक ग्लास म्हणजे सात बाटल्या. काही जण घेणार नाहीत, काही दुसरा मागतील, तेव्हा आठ आणा. त्या सगळ्या एकदम आणू नका. आठवडाभर आधी चवीसाठी एक जादा आणून घरी गार करा, उघडा, काकांना पुन्हा लेबल न दाखवता द्या. पसंत पडली तर त्याच दुकानातून, तोच बॅच नंबर बघून कार्यक्रमाच्या आठ घ्या.